भुतांची डागडुजी

बंगला 1963 साली बाहेरून बांधून पूर्ण झाला आणि राहणाऱ्यांना ताबा मिळाला तो 1969 च्या ऑगस्टात. मधली सहा वर्षं नुसती पांढरीशुभ्र दर्शनी बाजू, बंद फाटक आणि फाटकापाशी एक पाटी: निवृत्तीनंतर राहायला जागा शोधणाऱ्या भुतांनी अर्ज करावेत. हे कळलं तेव्हा मला त्या वास्तूबद्दल एकदम आपुलकीच वाटायला लागली. माझी सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या दुरुस्ती विभागात गेली. तयार इमारत वर्षानुवर्षं पडून राहते म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की आमच्याकडे अशा इमारतींत भुतं अर्ज न करताच राहायला येतात.

बंगला आहे कॅलिफोर्नियात, ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये. नाव हॉन्टेड मॅन्शन, म्हणजे भूतबंगल्यातून फिरवून आणणारी राइड. लेक त्याच भागात राहते, त्यामुळे आम्ही उभयता तिकडे गेलो की नातवाबरोबर डिस्नेलँडची वारी ठरलेली. नातू जातो भुतं बघायला, हिला जायचं असतं आत गार असतं म्हणून, आणि मी बांधकाम बघतो. जावई तिकिटाचे पैसे देतो, त्यामुळे तो काय बघत असेल याचा मला अंदाज आहे.

उशिराची कारणं ऐकलीत तर तुम्हालाही आपल्या गावाची आठवण येईल. आधी वॉल्ट डिस्नेची सगळी हुशार माणसं न्यूयॉर्कच्या 1964 च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामाला जुंपली गेली. मग 1966 च्या डिसेंबरात खुद्द डिस्नेच गेले. मागे राहिलेल्यांत वाद असा, की भुतांनी घाबरवायचं की हसवायचं? क्लॉड कोट्स यांचा ओढा भयाण बोळ आणि अंतहीन अंधाराकडे, तर मार्क डेव्हिस यांचा चेष्टेखोर पात्रांकडे. निकाल कुणाच्याच बाजूने लागला नाही. म्हणून आज बंगल्याच्या पहिल्या अर्ध्या भागात दारं आतून फुगतात, हुंदके ऐकू येतात, आणि पुढे स्मशानात पोचलं की तीच भुतं गाणी म्हणत धिंगाणा घालतात. समितीने घेतलेला निर्णय इतका यशस्वी झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्याआधी केन अँडरसन नावाच्या चित्रकाराने पडका, वेली चढलेला, फळ्या लोंबणारा वाडा काढून दाखवला होता. डिस्नेंनी तो नाकारला. आपल्या लखलखीत बागेत मोडकं घर नको, बाहेरून आपण नीट ठेवू आणि आतलं भुतं सांभाळतील, असा त्यांचा हिशोब. त्यामुळे बाहेरून रंगरंगोटी अगदी चोख, आणि आत जाळी, धूळ आणि कुबट अंधार. आता यातली मेख बघा. बाहेर धूळ दिसली की झाडायची आणि आत कमी पडली की आणून टाकायची. धूळ विकत घेऊन पसरावी लागते असं सांगतात. धुळीचं अंदाजपत्रक! मी ज्या कचेरीत बसायचो तिथल्या एका कपाटावरची धूळ त्यांना दिली असती तर दोन पिढ्या पुरली असती, आणि तीही अस्सल.

या राइडचं आधुनिकीकरण म्हणजे काय प्रकार आहे, हे इथूनच समजून घ्यायला हवं. इतर यंत्रं नवी दिसावीत म्हणून दुरुस्त करतात. इथे पन्नास वर्षांपूर्वीची जुनी दिसणारी गोष्ट तितकीच जुनी दिसत राहावी म्हणून रात्रंदिवस माणसं राबतात. जाळं फाटलं तर नवं जुनं जाळं. पडदा विटला तर नवा विटका पडदा. आमच्या खात्यात हे जमलं असतं तर माझी बढती वेळेवर झाली असती.

काही गोष्टी तर बदलताच येत नाहीत. नाचघराचंच घ्या. आपण वर सज्जातून सरकतो आणि खाली मेजवानी चाललेली, पारदर्शक जोडपी गिरक्या घेताहेत, झुंबरावर पिणारे लटकलेत. ही करामत 1862 सालची, लंडनच्या रंगभूमीवर प्रोफेसर पेपर यांनी गाजवलेली. समोर भली मोठी काच, खरे पुतळे प्रेक्षकांना दिसणार नाहीत अशा जागी, आणि आपण बघतो ती त्यांची काचेतली प्रतिबिंबं. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, आणि ते आधी कुणाच्या लक्षात आलं नसावं. त्यामुळे त्या नाचात पुरुषांना बायका फिरवतात. हे मी हिला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "यात भुताटकी कुठे आहे?"

या काचेवर कुणा टवाळाने काहीतरी झाडून भोक पाडलं आणि काच बदलायची तर छप्पर उचकटावं लागेल, म्हणून त्या भोकावर एक कोळी डकवून दिला, अशी कथा आहे. खरी-खोटी ती काच जाणे. पण दुरुस्ती विभागातला माणूस म्हणून मी त्या कोळ्याला मनोमन सलाम ठोकला. गळतीच्या डागावर नेत्यांची तसबीर टांगणारी आमची परंपरा साता समुद्रापार पोचलेली बघून ऊर भरून आला.

सुरुवातीची ती लांब होत जाणारी खोली मात्र खास इंजिनिअरांनी बघावी. आठ भिंतींची खोली, दार बंद होतं, तसबिरी हळूहळू ताणल्या जातात. वरच्या भागात भारदस्त गृहस्थ, खाली उघडं पडतं की पायात विजार नाही आणि उभे आहेत डायनामाइटच्या पिंपावर. लोक किंचाळतात. खरी गोष्ट अशी, की बागेभोवती आगगाडीचा बांध आहे, राइडची खरी इमारत त्या बांधापलीकडे आहे, आणि माणसांना रुळांखालून न्यायचं तर आधी खाली उतरवायला हवं. म्हणजे ती खोली साधी लिफ्ट आहे. अडचण लपवायला भुताचं निमित्त केलं. पुढे 1971 मध्ये फ्लोरिडात दुसरा बंगला बांधला. तिथे बांधाची अडचण नव्हती, खाली उतरायचं कारणच नव्हतं. तरी खोली हवीच, लोकांना आवडली होती! मग तिथे जमीन जागच्या जागी ठेवून छत वर नेलं. अडचण संपली तरी तिची सोय चालू राहिली. सरकारी नोकरीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना यावर टिप्पणी नको.

नातवाने मला विचारलं होतं, "आजोबा, इंडियातली घोस्ट्सपण रिटायर होतात का?" मी म्हटलं, बाळा, आपल्याकडे भुताला निवृत्ती नाही. मुंजाची सोडमुंज राहिलेली असते, समंधाचा जीव पुरलेल्या हंड्यात अडकलेला असतो, हडळीची कुठली ना कुठली हौस अपुरी असते. काहीतरी राहून गेल्याशिवाय मराठी माणूस भूत होतच नाही. त्यावर जावई म्हणाला, "बाबा, मग तुम्हाला हॅटबॉक्स घोस्ट आवडेल."

आवडला. फार आवडला. हा म्हातारा काठीवर भार देऊन उभा, दुसऱ्या हातात टोपीची पेटी. त्याचं मुंडकं खांद्यावरून नाहीसं होऊन पेटीत दिसायला हवं, अशी 1969 ची योजना. पण आजूबाजूच्या उजेडामुळे खांद्यावरचं मुंडकं काही पुरतं गायब होईना. उद्घाटनानंतर थोड्याच दिवसांत त्याला हलवलं. पुढे त्याचे भक्त निर्माण झाले, आठवणी निघाल्या, चित्रं फिरली, आणि 2015 च्या मे महिन्यात तो परत आपल्या जागी उभा राहिला. सेहेचाळीस वर्षांनी सेवेत पुन्हा रुजू! थकबाकी मिळाली की नाही कळत नाही, पण आता मुंडकं इतकं झोकात गायब होतं, की बघणाऱ्याने स्वतःचं चाचपावं. माझ्या मते डागडुजी असावी तर अशी. जुन्यांनी जे ठरवलं होतं आणि त्यांच्या हातून झालं नाही, ते पुरं करून द्यायचं. यालाच आपल्याकडे गती देणं म्हणतात.

माळ्यावरच्या नवरीचं प्रकरण इतकं सरळ नाही. मुळात तिथे उभी होती एक केविलवाणी नवरी, हातात मेणबत्ती, छातीत धडधडणारं लाल काळीज. अधूनमधून तिला बदलत बदलत 2006 साली तिच्या जागी आली कॉन्स्टन्स. हिची पाच लग्नं. प्रत्येक लग्नाची तसबीर माळ्यावर मांडलेली, आणि आपण बघता बघता तसबिरीतल्या नवऱ्याचं डोकं उडतं. हातात कुऱ्हाड. आणि दर लग्नागणिक गळ्यात मोत्यांचा एकेक सर वाढत गेलेला. चेहरा पुतळ्यावर चित्रफितीने उमटवलेला होता. जुन्या भक्तांना ती रुचली नाही. टीव्हीसारखी दिसते, फार बोलते, बंगल्याच्या कुळातली वाटत नाही, अशा तक्रारी. नव्या सुनेबद्दल आपण याहून वेगळं काय बोलतो? 2024 च्या जानेवारीत बंगला मोठ्या कामासाठी बंद झाला आणि 2025 च्या जानेवारीत माळ्यावर दिसली पुन्हा एक शोकाकुल, तरंगणारी नवरी, काळजाच्या धडधडीसकट. माझ्या हिशोबाने काम उत्तम झालंय, मूळ आराखड्याच्या जवळ गेलंय. लेक म्हणाली, "बाबा, तू ना कुठल्याही बाईला मूळ आराखड्यात पाठवायला तयार असतोस." हिचा आक्षेप निराळाच होता. खाली उतरेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "ते मोती काढायला नको होते."

ही कामं ज्यांच्या देखरेखीखाली होत आली त्या किम अर्व्हाइन. बंगल्यात काचेच्या गोळ्यात एक मुंडकं मंत्र पुटपुटत असतं, मादाम लिओटा. त्यासाठी चेहरा दिला होता तिथेच काम करणाऱ्या लिओटा टूम्ब्स यांनी, आणि किम त्यांची मुलगी. म्हणजे लेक इकडे फाइली तपासतेय आणि आई गोळ्यातून बघतेय. 2001 पासून जवळजवळ दरवर्षी बंगला हॅलोविन-ख्रिसमससाठी सजतो, जॅक स्केलिंग्टन नावाचा सांगाडा पाहुणा म्हणून येतो आणि सगळी आरास पालटते. त्या हंगामात गोळ्यात चेहरा असतो खुद्द किम यांचा. अनुकंपा तत्त्वावर नेमणुका आम्हीही केल्या, पण इतकं मनापासून कागदपत्रं जुळलेलं प्रकरण पाहिलं नाही.

खरी दांडगी भुतं असतात ती रांगेत. बंगल्यात 999 भुतं आहेत आणि एक जागा रिकामी, असं जाहीर केलेलं आहे. रांगेतला प्रत्येक जुना भक्त त्या जागेचा उमेदवार. कुठला दिवा कोणत्या साली हलवला, कुठल्या दाराचं हँडल बदललं, हे त्याला पाठ असतं. हे लोक नुसते बोलून थांबत नाहीत. पार्कात आप्तांच्या अस्थींची राख गुपचूप उधळतात, आणि त्यात या बंगल्याला विशेष मान, अशी बातमी 2018 साली वॉल स्ट्रीट जर्नलने दिली होती. मग कर्मचारी बारीक गाळणीचा व्हॅक्युम घेऊन येतात आणि राइड थोडा वेळ बंद राहते. ऐकून मी थक्क झालो. आपल्याकडे नाशिकला रामकुंड आहे, त्याला तिकीट नाही आणि मागे व्हॅक्युमही येत नाही. शिवाय कुणाची तरी आजी मोक्षाच्या आशेने या बंगल्यात विसावायची आणि संध्याकाळी तिची नोंद कचऱ्यात व्हायची. विकत आणलेली धूळ ठेवतात आणि आपणहून आलेली काढतात, हे मला काही पटलं नाही.

बाकीच्या देशांतल्या आवृत्त्या मी पाहिलेल्या नाहीत. टोकियोत 1983 पासून हाच बंगला परीकथांच्या विभागात बसवलाय, पॅरिसमध्ये 1992 साली तो वाइल्ड वेस्टच्या विभागात उभा केला, आणि हाँगकाँगला 2013 मध्ये तर भुतं वगळूनच बांधला, तिथे एक माकड आणि एक जादूची पेटी सगळा घोळ घालतात. भुताविना भूतबंगला! दुरुस्ती विभागाचा हा आदर्शच. बिघडणारी वस्तूच काढून टाकली.

ताज्या कामात बाहेरची बाग वाढवली, रांगेला नवी वळणं दिली, आणि बाहेर पडताना एक नवं दुकान लावलं, मादाम लिओटाच्या नावाचं. पूर्वी माणूस घाबरून थेट उजेडात यायचा. आता घाबरून कॉफीच्या मगांत येतो. नातवाने कंदील उचलला, जावयाने किंमत पाहून खाली ठेवला, नातवाने पुन्हा उचलला. त्या दिवशी भीती वाटली असेल तर ती तेवढीच, आणि तीही जावयाला.

दुकानाआधी, सरकत्या पट्ट्यावरून वर येताना, एक चिमुकली नवरी दिसते. चेहरा लिओटा टूम्ब्सचा आणि आवाजही त्यांचाच. ती जाणाऱ्यांना लाडिकपणे सुचवते, की इथे कायमचं राहायचं असेल तर पुढच्या वेळी मृत्यूचा दाखला बरोबर आणा. पन्नास वर्षांत सगळं बदललं, हिचं एक अक्षर बदललं नाही. मी थबकलो. बायकोला म्हटलं, मला दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, ही मृत्यूचा मागतेय, आणि एका माणसाच्या नावावर दोन्ही कागद निघाले तर वसुली लागेल.

"मग आधी नोव्हेंबरचा देऊन या," ही म्हणाली. "हिचं काही अडत नाही."