पाहुणा कलाकार

मराठवाड्याचा दौरा ठरत आला की कॉन्ट्रॅक्टर तारखांच्याही आधी मला विचारतो, "तिकडं तुमचं कोण कोण असतं?" या चौकशीत जिव्हाळा नसतो, लॉजचं भाडं असतं. माझा प्रयोग एकपात्री. माणूस एक, पेटी एक, खुर्ची एक. त्यातली खुर्चीसुद्धा नाट्यगृहाची. एवढ्याशा ऐवजासाठी अख्खी खोली घ्यायची ही त्याला उधळपट्टी वाटते. आणि माझं नशीब असं, की मराठवाड्यातलं एकही नाट्यगृह माझ्या नातेवाइकांच्या तडाख्याबाहेर बांधलेलं नाही. संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिराला चुलतभाऊ जवळ, लातूरच्या दयानंद सभागृहाला मामा, नांदेडच्या कुसुम सभागृहाला साडू. बीडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात प्रयोग लागला, तर मुक्काम कपिलधारच्या आत्याकडे. यावर अपील नाही.

पूर्वीच्या नटांना हा त्रास नव्हता. 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी घ्या किंवा तिच्या आधीची किर्लोस्कर मंडळी घ्या, कंपनी गावात उतरायची ती बिऱ्हाडासकट. आचारी कंपनीचा, पंगत कंपनीची, मुक्काम दिवसच्या दिवस. कुठल्या नटाची कुठल्या गावात आत्या आहे, याच्याशी मालकाला देणंघेणं नव्हतं. तमाशाचा फड आजही आपल्या राहुट्या आणि आपली चूल ट्रकमध्ये घालून हिंडतो. आम्ही नाटकवाले मात्र सुधारलो. बस आली, रातोरात पुढचं गाव गाठता येऊ लागलं, मुक्काम गेला आणि मुक्कामामागोमाग आचारीही गेला. एकपात्रीवाल्याच्या वाट्याला तर ती बसही नाही. त्याला एसटी आहे, आणि एसटी सोडते तिथं मोटारसायकल घेऊन उभा असलेला आत्तेभाऊ आहे.

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की घाट चढून मांजरसुंबा येतं. तिथून केज-अंबाजोगाईचा फाटा फुटतो, आणि माझं विघ्नही तिथूनच सुरू होतं. मांजरसुंब्याची रबडी नावाजलेली आहे. आत्तेभावाला तिचा इतका अभिमान, की बाहेरचा माणूस ती न खाता पुढं गेला तर गावाची बेअब्रू होते असं तो मानतो. रबडी झाली की बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार. दरीत संत मन्मथस्वामींची समाधी, जवळच पावसाळ्यात दणाणून कोसळणारा धबधबा, भोवती झाडी. कपिल मुनींनी इथं तप केलं असं सांगतात. त्यांचे नातेवाईक जवळपास राहत नसावेत.

गाणाऱ्याच्या घशाची लोक काळजी घेतात, बोलणाऱ्याच्या घशाला कुणी घसा समजत नाही. दोन तास चौदा माणसांच्या चौदा आवाजांत बोलायचं, तर घशाला दूध-दही-साखर चालत नाही. आत्याच्या घरात दूध, दही आणि साखर यांच्याशिवाय तिसरा पदार्थ… म्हणजे चौथा पदार्थ फक्त सीताफळ. बालाघाटाच्या उतारावर ही झाडं आपोआप उगवतात, बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून ते नाकारणं हा आमच्याकडे जिल्ह्याचा अपमान धरला जातो. एकदा मी हिय्या करून म्हणालो, "आत्या, घसा बसंल, संध्याकाळी प्रयोग हाय."

"बसला तर बसू दे," आत्या म्हणाली. "तुला कुठं गायचंय? नुसतं बोलायचंच हाय ना?"

आणि वाटी भरली. मग ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. या पदार्थांविरुद्ध माझी तक्रार नाही, उलट जगात यांच्यासारखं काही नाही. पण ते दुपारी तीन वाजता चौथी भाकरी होऊन पोटात उतरतात, आणि साडेसहाला तिसरी घंटा असते. माझ्या प्रयोगात एक उपाशी शेतमजूर आहे. बीडला तो नेहमी ढेकर देतो.

घरातल्या पुरुषमंडळींचं जेवणाकडे लक्ष नसतं, त्यांचं लक्ष माझ्या पोटापाण्याकडे असतं. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, निवृत्त शिक्षक. त्यांचा माझ्यावर जीव आहे. माझ्या धंद्यावर विश्वास नाही. "बाकी काय करतोस?" हा त्यांचा दरवेळचा प्रश्न. मी म्हणतो, "हेच करतो मामा." ते मान हलवतात आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारतात, "नाही, ते झालं. पण बाकी?"

त्यातून मराठवाड्यात एकपात्री करणं म्हणजे प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे यांच्या सावलीत उभं राहणं. संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवणारा हा माणूस 1979 साली 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घेऊन उभा राहिला, एकट्यानं 52 पात्रं केली आणि गिनीज बुकात जाऊन बसला. 2009 साली ते गेले. पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या संदीप पाठकनं तेच वऱ्हाड पुन्हा उभं केलं. म्हणजे सुटकेला वाव नाही. मामांनी देशपांडे सरांचा प्रयोग पाहिलेला. एका रात्री हातावर तंबाखू मळता मळता त्यांनी हिशेब मांडला.

"त्यांची 52 माणसं. तुझी किती?"

"चौदा."

"आणि तिकीट?"

मी आकडा सांगितला. मामांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि म्हणाले, "म्हणजे माणशी लई महाग पडतंय."

हिशेबाचं शेवटचं टोक असं, की यातलं एकही तिकीट घरातल्या कुणी काढलेलं नसतं. घरच्यांना पास. पास पहिल्या रांगेचा. दुसऱ्या रांगेचा पास नेऊन दिला तर पुढच्या लग्नाची पत्रिका येत नाही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक पैसे वसूल करायला आलेला असतो, तो गुपचूप ऐकतो. पासवाल्याला वसूल काहीच करायचं नसतं, त्यामुळे तो मोकळेपणी बोलतो. मी सावकार झालो की आत्तेभाऊ शेजाऱ्याला सांगतो, "हा डिट्टो आमचा चुलता." मी म्हातारी झालो की आत्या डोळ्याला पदर लावते, कारण चाल तिच्या सासूची आहे. खरंच तिच्या सासूची आहे. लहानपणी सुट्टीत पाहून उचललेली. नातेवाइकांकडे राहण्याचा एवढा एक फायदा मला कबूल करावाच लागेल: माझी चौदाच्या चौदा पात्रं फुकट जेवता जेवता मिळालेली आहेत. ती सगळी आता पहिल्या रांगेत येऊन बसतात, हा त्यातला तोटा.

एका प्रवेशात म्हातारी अंधारात चाचपडत हाक मारते, "कुणी हाय का घरात?" त्यावर शांतता हवी. शांततेवरच तो प्रवेश उभा आहे. सोलापूरला ती मिळते, पुण्यात मिळते. बीडला पहिल्या रांगेतून आवाज येतो, "हाय ना, ये की!"

या सगळ्यांना माझ्या गावी येऊन राहायचं आमंत्रण मी कितीदा दिलं असेल. परतफेडीची इच्छा कुणाला नसते? पण मामांचं उत्तर ठरलेलं असायचं: "बीडला रेल्वे आली की येऊ." अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे हा आमच्याकडचा फार सोयीचा वायदा होता. उधारी, सोयरीक, परतीची भेट, काहीही त्यावर ढकलता यायचं. 2025 सालच्या 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुरू झाली आणि असंख्य माणसांची पंचाईत झाली. मामांचा लगेच फोन आला. मला वाटलं, निघाले. ते म्हणाले, "परळीपर्यंत पुरी होऊ दे, मग बघू."

कपिलधारला खरी गर्दी कार्तिक पौर्णिमेला. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून लिंगायत भाविक येतात. अहमदपूर, लातूर, नांदेडकडून पायी दिंड्या येतात. मन्मथस्वामींच्या 'परमरहस्य' ग्रंथाचं पारायण चाललेलं असतं, ठिकठिकाणी शिवकीर्तन. एका वर्षी माझा बीडचा प्रयोग नेमका पौर्णिमेला लागून आला. आत्याच्या घरात पाऊल ठेवायला जागा नव्हती. माझ्या पेटीवर कुणाचं तरी बाळ निजवलेलं, तिच्यातला म्हातारीचा लुगड्याचा जोड त्याच्या अंगाखाली. मी झोपायची जागा शोधत होतो तेवढ्यात मामा आले. एका दिंडीच्या मांडवात माणसं कीर्तनाला बसली होती आणि कीर्तनकार महाराजांची गाडी यात्रेच्या गर्दीत अडकली होती.

"ऊठ," मामा म्हणाले. "अर्धा तास काढ. तुझं बाकी काय ते उद्या."

मी मांडवाकडे जाता जाता माझी चौदा पात्रं डोळ्यांखालून घातली. एक दारुडा. एक सावकार. एक पुढारी. एक बायकोला घाबरणारा फौजदार. समाधीच्या आवारात उभं करावं असं एकही माणूस मी इतक्या वर्षांत तयार केलेलं नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. शेवटी एसटीत खिडकीतून पिशवी टाकून जागा धरणारी म्हातारी तेवढी निर्व्यसनी निघाली. ना दिवे, ना पडदा, ना पेटी. पायांना फोड आलेली, दिवसभर चालून आलेली माणसं समोर. म्हातारी एसटीत चढली आणि मांडव हसायला लागला तो थांबेना. कंडक्टरनं पिशवी खाली ठेवायला सांगितली तेव्हा तर एक आजोबा उठून उभे राहिले आणि कंडक्टरला, म्हणजे मलाच, रागावले. मी नाट्यगृहात एवढा हशा कधी ऐकलेला नाही, आणि हे मी दुसऱ्या दिवशीचा प्रयोग धरून बोलतोय.

उतरलो तेव्हा दोघांनी पाया पडायचा प्रयत्न केला. हातात नारळ आला, खांद्यावर टॉवेल आला, ताटलीत दहा-दहाच्या नोटा जमल्या. एका आजींनी विचारलं, "महाराज कुठले?"

"महाराज कशाचे," आत्या म्हणाली, "आमच्या भावाचं पोरगं हाय. नाटकात असतंय." आजींनी जोडलेले हात खाली घेतले. नोटा मात्र तशाच राहिल्या.

एकट्यानं उभं राहून दोन तास बोलायचं, मध्येच सोंग आणायचं, मध्येच रडवायचं. कीर्तनकार करतो तेच मी करतो. पण त्याला कुणी "बाकी काय करता?" असं विचारत नाही. हे शल्य उरात घेऊन मी बाजूला बसलो होतो, तोवर महाराज येऊन पोचले. त्यांनी माझे दोन शब्द ऐकले आणि हळूच विचारलं, "रबडी?"

मी मान डोलावली.

"मी कीर्तनाच्या दिवशी घेत नाही. सांगतो, नियम आहे. नियम म्हटलं की कुणी आग्रह करत नाही." इतकी वर्षं रंगभूमीवर काढून हा साधा तोडगा मला कुणी शिकवला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्यासमोर उभा राहिलो आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "आत्या, प्रयोगाच्या दिवशी माझा उपवास असतो."

आत्याचा चेहरा खुलला. भावाचं पोरगं मार्गाला लागलं याचा तिला कोण आनंद! दुपारी पानात साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, तुपात परतलेली रताळी आणि उपवासाला चालतं म्हणून वाडगाभर दही. वर सीताफळ. त्या संध्याकाळी बीडच्या नाट्यगृहात चौदाही पात्रं एकाच घोगऱ्या आवाजात बोलली. मामांनी नंतर सांगितलं की पैसे भागिले एक केलं तर तिकीट फारच महाग पडलं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावात एखादा एकटादुकटा नट प्रयोगाला आला आणि तो तुमच्या नात्यातला निघाला, तर त्याला घरी जरूर न्या. आल्या आल्या गरम पाणी द्या, दुपारी दोन तास निजू द्या, जेवायला वाढायचं ते पडदा पडल्यावर वाढा. तो रात्री बारालाही चार भाकरी खाईल. पेटीवर बाळ निजवलं तरी चालेल, फक्त खाली दुपटं घाला. आणि संध्याकाळी येताना खिडकीवर तिकीट काढून या. पास मागू नका. आत्याकडून पैसे घेणं मला जमणार नाही, तुमच्याकडून जमेल.