गॉब्लिनचं काय करायचं?

अलाइनमेंट म्हटलं की मला गाडीच आठवते. स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे ओढते, मग गॅरेजवाला चाकांकडे बघून मान हलवतो आणि पैसे घेतो. त्यामुळे भाच्याने पहिल्या शनिवारी "मामा, तुझं अलाइनमेंट काय लिहू?" असं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "मागच्याच महिन्यात करून घेतलंय."

खेळ होता डंजन्स अँड ड्रॅगन्स. एक जण गोष्ट रचतो (आमच्याकडे भाचा), बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन बोलतात आणि कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्र सज्जन की दुर्जन, हे मात्र आधीच कागदावर लिहायचं असतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ काढला, तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच पक्ष होते. चार-पाच वर्षांत त्यांना गुड आणि ईव्हिल येऊन चिकटले आणि नऊ खणांचा तक्ता झाला. पत्रिकेत बारा घरं असूनही माणूस कळत नाही. इथे नवात भागवलंय.

मी अकरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, एवढ्या पुराव्यावर भाच्याने मला पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, केलं. अलाइनमेंट लॉफुल गुड. म्हणजे कायद्याने चालायचं आणि वर चांगलंही वागायचं. १९७८ च्या नियमपुस्तकात पॅलाडिनला दुसरा खणच नव्हता. जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं. दुर्जनांची संगतही वर्ज्य. नंतरच्या आवृत्त्यांत हे सोवळं सुटलं, पण भाच्याला जुनेच नियम प्यारे. त्याचा जन्म २००१ चा.

माझ्या शेजारी त्याची ऑफिसातली मैत्रीण बसायची. दारात चपला जोडीने लावणारी, "काका, पाणी आणू का?" विचारणारी. तिने घेतला रोग. मला वाटलं, पात्र आजारी असेल. निघाला चोर, आणि तोही केऑटिक ईव्हिल. माझ्या पॅलाडिनला साठ फुटांवरचा दुष्टपणा ओळखता येतो, आणि ही दीड फुटावर. मी संगतीच्या नियमावर बोट ठेवलं. भाचा म्हणाला, "मामा, खेळणारे चारच आहेत. सोड ना."

तिसऱ्या शनिवारी एक गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, जिवंत हाती लागला. चोर म्हणाला, मारून टाकू. मी म्हणालो, शरण आलेल्याला मारता येणार नाही, जवळच्या ठाण्यावर रीतसर हवाली करू. जवळचं ठाणं तीन दिवसांच्या चालीवर होतं. आमच्या पुजाऱ्याने देवाला विचारायला फासा टाकला, देव गप्प. जादूगार न्यूट्रल असल्यामुळे "मला काहीही चालेल" म्हणून त्याने उरलेला बटाटेवडा उचलला. मी ठराव मांडला, अनुमोदन मिळेना. चाळीस मिनिटं गेली. मग भाचा शांतपणे म्हणाला, "गॉब्लिन मघाशीच पळाला. कुणी बघत नव्हतं."

दुष्ट पात्राने टोळी मोडते, असं हे खेळणारे नेहमी सांगतात. मोडतेच, जर खेळणारा दर वेळी सोबत्यांचे खिसे कापून "मी काय करू, माझं पात्र असंच वागेल" म्हणणार असेल. जणू पात्र त्याने निवडलं नाही, नगरपालिकेने नेमून दिलंय. पण हे वाक्य तिच्यापेक्षा माझ्याच तोंडी जास्त असायचं. भर पावसात मी चौघांना सराईत उतरू दिलं नाही, कारण आत जुगार चालू होता. सापडलेल्या मोहरांचा मूळ मालक शोधायला दोन गावं पायपीट करायला लावली. पुजाऱ्याने तर एकदा मला ऐकू जाईल अशा बेताने भाच्याला विचारलं, पॅलाडिन मेला तर दुसरं पात्र घेता येतं का?

त्या काळात चोराने एकच चोरी केली, माझ्याच पिशवीतून, आणि त्या पैशांत सगळ्यांना औषधाच्या बाटल्या घेतल्या. पुढे गुहेत मी आडवा झालो, तेव्हा तिनेच एक बाटली माझ्या तोंडात ओतली. मला भरून आलं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"अहो काका, तुम्ही गेलात तर पुढच्या सापळ्यावर कुणाला ढकलायचं?"

परवा शेवटच्या दाराआडचा राक्षस उरला होता आणि वार माझा. फासा टाकला तो थेट दिवाणाखाली गेला. गुडघे धरत मी वाकलो. धुळीत, एका जुन्या मोज्याला टेकून, फासा दोनावर थांबला होता. मी तो मुठीत घेतला आणि वर न बघता ओरडलो, "सतरा!" राक्षस पडला. पुजाऱ्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

उठताना पाहिलं, तर पडलेली पेन्सिल शोधायला तीही शेजारी वाकलेली. काही बोलली नाही. चहा झाला, लुटीची वाटणी सुरू झाली, तेव्हा म्हणाली, "काका, या वेळी मला शंभर मोहरा जास्त येतात, नाही का?"

मी ताबडतोब अनुमोदन दिलं.