नाणं ओळखण्याची जयसिंगपुरी पद्धत

जयसिंगपूर शाहू महाराजांनी 1917 साली वसवलं. इथल्या गल्ल्या आजही नंबरानं ओळखल्या जातात, म्हणजे सूचीकरण गावाच्या रक्तातच आहे. त्यामुळे शिरोळ तालुक्यात नांगराला नाणं लागलं, की ते ओळखून घ्यायला इथंच आणणं रास्त. आल्यावर काय करायचं ते पुढे दिलं आहे.

आधी नाणं कुणाचं ते ठरवून टाकावं. अक्षरं, वजन, धातू या किरकोळ बाबी सवडीनं पाहता येतात. पिवळं असेल तर होन, तांबडं असेल तर शिवराई. शिवराईवर एकीकडे ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ असतं. पण ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे निम्मा मजकूर कडेबाहेर गेलेला. हे फार सोयीचं आहे, उरलेली अक्षरं आपल्या मनातली भरता येतात. याच नावाची नाणी पेशवाईत आणि त्यानंतरही पडत राहिली, ही माहिती घरात सांगू नये. आजोबांच्या तब्येतीला झेपत नाही.

मग चिंच-मीठ लावून नाणं लख्ख घासावं. तांब्यावरचा हिरवट थर बसायला वर्षानुवर्षं लागतात आणि जाणकार त्याला हात लावू देत नाहीत, पण जाणकारांच्या घरी पाहुणे येत नसावेत.

शिशाचं नाणं निघालं तर मात्र पंचाईत. शिशाला मोडीत फारसा भाव नाही, म्हणून ते पोरांना खेळायला द्यायची पद्धत आहे. आणि नेमकं हेच कोल्हापूरचं खरं घरचं नाणं! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी इथं ‘कुर’ राजे होते. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर, अशी तिघांची शिशाची नाणी मिळतात. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि झाड, दुसरीकडे बाण लावलेलं धनुष्य आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं, तेव्हाही ती निघाली.

यांचा क्रम कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. सिवलकुरानं पहिल्याच्या नाण्यांवर आपला ठसा मारला, तिसऱ्यानं सिवलकुराच्या नाण्यांवर. खालची अक्षरं पुरती बुजली नाहीत, म्हणून कोण आधी आणि कोण नंतर ते कळलं. चिन्ह तिघांचंही धनुष्यबाणच, वाद फक्त नावाचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही.

संदर्भग्रंथ हवाच असेल तर रॅप्सनचा 1908 चा ब्रिटिश म्युझियम कॅटलॉग आहे. त्यातल्या छायाचित्रांशी आपलं नाणं ताडून पाहावं. जुळलं नाही, तर रॅप्सन चुकला असं समजावं. तो कधी शिरोळला आला नव्हता.

‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ असं लिहिलेलं आणि वर हनुमान किंवा रामदरबार असलेलं नाणं घेऊन कुणी आला, तर चहा पाजून वाटेला लावावा. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही. ते तांदूळ ओढतं, असं तो म्हणाला तर चहाही नको.

राहता राहिली नोंदवही. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचं वर्णन हे रकाने भरायला अर्धा तास पुरतो. शेवटचा रकाना ‘कुठे सापडलं’ हा. 1878 चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. मर्यादा कायद्यात अजून दहाचीच आहे. त्यामुळे या रकान्यात सगळे एकाच हस्ताक्षरात असल्यासारखं ‘वडिलोपार्जित’ लिहितात. कुर राजांचं राज्य कोल्हापुराकडे होतं हे मुळात त्यांची नाणी कुठे सापडली यावरूनच कळलं. तेव्हा ती शोधणाऱ्यांनी ‘वडिलोपार्जित’ लिहिलं असतं, तर विळिवायकुर आज कुणाच्या तरी आजोबांचा मामा ठरला असता.