कॅस्ट्रो गेले, कलम राहिलं

'तो माणूस एकदा गेला की सगळं सुरळीत होईल', हे परराष्ट्र धोरणातलं सर्वांत आळशी वाक्य आहे. ते म्हणायला वाटाघाटी कराव्या लागत नाहीत, स्वतःचं काही सोडावं लागत नाही. नुसतं समोरच्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवून बसावं लागतं. अमेरिका क्युबाबाबत जवळपास अर्धं शतक तशी बसली. फिडेल कॅस्ट्रो १९५९ मध्ये सत्तेवर आले आणि आयझेनहॉवरपासून धाकट्या बुशपर्यंत दहा अमेरिकी अध्यक्ष त्यांनी पाहिले.

३१ जुलै २००६ ला फिडेलनी शस्त्रक्रियेमुळे सत्ता तात्पुरती धाकट्या भावाकडे, राउलकडे, सोपवली. त्या रात्री मायामीच्या 'लिटल हवाना'त लोक झेंडे घेऊन नाचले. त्यांना नावं ठेवणं मला जमणार नाही; घरदार आणि माणसं गमावून आलेले लोक होते ते. पण पुढे काय झालं? १९ फेब्रुवारी २००८ ला 'ग्रान्मा' या कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात पत्र छापून आलं: फिडेल अध्यक्षपद पुन्हा स्वीकारणार नाहीत. दहा अध्यक्षांनी ज्या दिवसाची वाट पाहिली तो हाच. वॉशिंग्टनने त्याच दिवशी सांगून टाकलं, निर्बंध इतक्यात उठणार नाहीत.

उठणार तरी कसे? भांडण कधीच कायद्यात जाऊन बसलं होतं. केनेडींनी १९६२ मध्ये घातलेली व्यापारबंदी मुख्यतः अध्यक्षांच्या हातात होती. पुढच्या एखाद्याने मनावर घेतलं असतं तर ती सैल करता आली असती. २४ फेब्रुवारी १९९६ ला क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. चार माणसं मेली. तीन आठवडे उलटायच्या आत क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर सही केली. निवडणुकीचं वर्ष होतं, फ्लोरिडाची मतं मोलाची होती. त्या सहीने व्यापारबंदी संसदेच्या कुलपात गेली.

हा कायदा मुळातून वाचावा असा आहे. क्युबातलं संक्रमणकालीन सरकार अमेरिका कधी मान्य करील, याच्या अटी त्यात आहेत आणि त्यांपैकी एकात चक्क नावं घातली आहेत: त्या सरकारात फिडेल कॅस्ट्रो नसावेत, राउल कॅस्ट्रोही नसावेत. राजकीय कैदी सोडा, ही अट रास्तच आहे, आणि ती कोणीही घालावी. पण सोबत सुरक्षा पोलिसांचं खातं बरखास्त करा, अमेरिकेच्या रेडिओ मार्तीच्या प्रक्षेपणात अडथळा आणू नका, अशीही कलमं आहेत. शिवाय क्रांतीनंतर जप्त झालेल्या अमेरिकी मालमत्तेचा हिशेब: ५,९१३ प्रमाणित दावे, व्याज न धरता सुमारे १.९ अब्ज डॉलर. हवानाच्या गादीवर उद्या कोणीही बसलं तरी ही यादी त्याच्यासमोर येणारच.

राउल २०१८ मध्ये अध्यक्षपदावरून उतरले, २०२१ मध्ये पक्षाच्या प्रमुखपदावरून. कायद्यातली दोन्ही नावं सरकारबाहेर गेली. व्यापारबंदी जागची हलली नाही.

मग संबंध कधी सुधारलेच नाहीत का? सुधारले, फिडेल जिवंत असताना! १७ डिसेंबर २०१४ ला ओबामा आणि राउल यांनी एकाच दिवशी घोषणा केली, २० जुलै २०१५ ला दोन्हीकडे दूतावास उघडले, मार्च २०१६ मध्ये ओबामा हवानात उतरले. १९२८ च्या कूलिज यांच्यानंतर पदावर असताना तिथे जाणारे ते पहिलेच अध्यक्ष. नव्वदीला टेकलेल्या फिडेलनी त्यानंतर 'ग्रान्मा'त लिहिलं की साम्राज्याने आम्हाला काही द्यावं याची गरज नाही. त्यांची नाराजी जाहीर होती, तरी विमानं उतरतच राहिली. कारण दोघांनाही गरज होती. क्युबाला तेल पुरवणारे ह्यूगो चावेझ मार्च २०१३ मध्ये वारले होते आणि व्हेनेझुएलाचा आधार डळमळत होता. ओबामांना पुन्हा निवडणूक लढवायची नव्हती. कॅनडात गुप्त बैठका झाल्या, पोप फ्रान्सिस मधे पडले, कैद्यांची अदलाबदल ठरली. हे काम बसून, घासाघीस करून झालं.

आता तारखा पाहा. २६ ऑक्टोबर २०१६: अमेरिकी निर्बंधांविरुद्धचा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला आणि अमेरिका प्रथमच तटस्थ राहिली, १९१ विरुद्ध शून्य. २५ नोव्हेंबर २०१६: फिडेल वारले. 'तो माणूस गेला की' म्हणणाऱ्यांच्या हिशेबाने इथून रस्ता मोकळा व्हायला हवा होता. १६ जून २०१७ ला ट्रम्प यांनी मायामीत जाऊन ओबामांचं धोरण मागे घेत असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये अमेरिकेतून क्युबाला जाणाऱ्या क्रूझ बंद झाल्या आणि जप्त मालमत्तेवरून खटले भरू देणारा, हेल्म्स-बर्टन कायद्याचा तोवर रोखून ठेवलेला भागही लागू झाला. जानेवारी २०२१ मध्ये, पद सोडण्याच्या आठवडाभर आधी, क्युबा पुन्हा दहशतवादाच्या पाठीराख्यांच्या यादीत. संबंध बिघडले ते कॅस्ट्रो गेले म्हणून नव्हे, ओबामा गेले म्हणून. आठ वर्षांत जाणाऱ्या नेत्याच्या जाण्याची चर्चा कोणी करत नाही, ही माझी मोठी तक्रार आहे.

भारत दरवर्षी संयुक्त राष्ट्रांत निर्बंधांविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने मत देतो. २०२४ मध्ये १८७ देशांनी दिलं. ठरावाच्या विरोधात अमेरिका आणि इस्रायल. आपण योग्य बाजूला आहोत. पण हवानाच्या तुरुंगांबद्दलही आपण त्याच आवाजात बोललं पाहिजे, आणि ते आपण करत नाही. क्युबातली उपासमार, अंधार, औषधांचा तुटवडा यांत निर्बंधांचा वाटा मोठा आहे. पण एकपक्षीय सत्ता आणि लष्कराच्या हाती एकवटलेली अर्थव्यवस्था ही हवानाची स्वतःची कर्तबगारी. राउलनंतर अध्यक्ष झालेल्या दियाझ-कानेल यांनी आल्या आल्या 'सातत्य' हा शब्द उचलला आणि तो पाळला. २०२२ या एका अमेरिकी आर्थिक वर्षात दोन लाखांहून जास्त क्युबन अमेरिकेच्या सीमेवर पोचले. माणसं देश सोडून निघाली आहेत, कॅस्ट्रो आडनावाचा अध्यक्ष नसताना.

होजे दानिएल फेरेर यांचंच पाहा. फिडेलच्या राजवटीत २००३ मध्ये पकडलेल्या ७५ विरोधकांपैकी ते एक. शिक्षा २५ वर्षं. २०११ मध्ये, राउलच्या काळात, सुटले. ११ जुलै २०२१ च्या निदर्शनांच्या दिवशी दियाझ-कानेल यांच्या पोलिसांनी पुन्हा उचललं. १४ जानेवारी २०२५ ला बायडेन यांनी क्युबाला दहशतवादाच्या पाठीराख्यांच्या यादीतून काढायचं ठरवलं आणि व्हॅटिकनशी बोलून क्युबाने ५५३ कैदी सोडायचं कबूल केलं. फेरेर बाहेर आले. बायडेन यांच्या घोषणेनंतर सहाव्या दिवशी ट्रम्प यांनी तो निर्णय फिरवला, सुटका थांबली, काही आठवड्यांनी परत सुरू झाली. एप्रिलअखेर फेरेर पुन्हा आत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना कुटुंबासह मायामीला पाठवण्यात आलं. तीन राज्यकर्ते बदलले, तुरुंग तोच होता. आणि त्या सहा दिवसांचा हिशेब ना हवानाने दिला, ना वॉशिंग्टनने.