नोंदी झाकून ठेवण्याचं प्रात्यक्षिक (नवशिक्यांसाठी)

उद्देश : मोबाइलमधल्या खासगी नोंदी आपल्यापुरत्या ठेवणे.

साहित्य : एक मोबाइल, एक भरलेलं घर, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान. शाळेच्या प्रयोगवहीत लिहायचो त्याच क्रमाने जाऊ. फरक एवढाच, की तेव्हा आपण शेजाऱ्याचं बघून निरीक्षण लिहायचो. आता निरीक्षण शेजारीच करतो.

कृती : प्रथम पासवर्ड घ्यावा. नाशिककराला हे जड जायचं कारण नाही. 1928पासून देशाच्या नोटा आपल्या नाशिकरोडला छापल्या जातात, पासपोर्टही तिथेच. गुप्तता हा इथला जुना धंदा. तरी आपला पासवर्ड म्हणजे गाडीचा नंबर. एमएच 15 आणि पुढची अक्षरं, आकडे. गाडी दिवसभर कॉलेज रोडला उभी आणि पासवर्ड पुढून एकदा, मागून एकदा रंगवलेला. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी मुलाचं नाव घालून पुढे 123 लावावं. मुलाला तो पहिल्या फटक्यात ओळखता येतो, त्यामुळे घरात वाद होत नाहीत.

ज्यांना वाद चालतील त्यांनी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द एकापुढे एक लिहावेत. मिसळ, पाटबंधारे, रांजण, मेव्हणा. चिन्हांच्या कसरतीपेक्षा अशी लांबी जास्त उपयोगी पडते. हाच पासवर्ड मात्र ठेवू नका, तो आता सगळ्या वाचकांना पाठ झाला आहे.

यानंतर नोंद कुठे लिहायची ते ठरवावं. पूर्वी व्हॉट्सॲपवर बायकोला घेऊन ग्रुप काढायचा आणि लगेच तिला त्यातून काढून टाकायचं, अशी पद्धत होती. उरलेल्या एकट्याच्या ग्रुपात माणूस दूधवाल्याच्या हिशोबापासून लॉकरच्या नंबरापर्यंत सगळं लिहायचा. आता स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय झाली आहे, त्यामुळे संसारावरचा तो ताण गेला. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडं ठेवून तुम्ही जेवायला गेलात, तर स्वतःशी केलेल्या गप्पा शेजारच्या टेबलावरचा माणूसही वाचतो. सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून एक पान असतं. आठवड्यातून एकदा तिथे डोकवावं. ओळखीचं नसलेलं एखादं यंत्र तिथे मुक्कामाला आलेलं दिसलं, तर हाकलावं.

मी स्वतः गुगल कीप वापरतो. त्यात किराण्याची एक यादी आहे आणि ती सौभाग्यवतींबरोबर सामाईक आहे. मागच्या श्रावणात धाकट्या भावाला अडचण आली, मी चाळीस हजार दिले. घरी बोलायचं नव्हतं. पण विसरायचंही नव्हतं, म्हणून घाईत टिपून ठेवलं. संध्याकाळी रविवार कारंजावरून फोन.

“अहो, शेंगदाणे एक किलो घेतले. साबुदाणा अर्धा. पुढे लिहिलंय, धाकट्याला चाळीस हजार, घरी बोलायचं नाही. हे सुटे मिळतात की पाकिटात?”

निरीक्षण : रशियातला कुठलाही हॅकर माझ्या वाटेला गेला नव्हता. नोंद मी माझ्या हाताने, चुकीच्या यादीत, साबुदाण्याच्या खाली लिहिली होती.

कागद तरी कुठे भरवशाचा होता म्हणा. 1909 साली बाबाराव सावरकरांच्या नाशिकच्या घराची झडती झाली, तेव्हा बॉम्ब तयार करण्याच्या कृतीचे टंकलिखित कागद पोलिसांच्या हाती लागले. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती मात्र त्या कागदांवर नव्हे, छापून प्रसिद्ध केलेल्या कवितांवर. दडवलेलं सापडलं आणि उघड केलेलं भोवलं. याचं अनुमान काय काढायचं ते अजून मला जमलेलं नाही.

गुप्ततेची जुनी आणि माझ्या मते अजून तोड न सापडलेली व्यवस्था रामकुंडावर आहे. तीर्थोपाध्यायांकडे जा, गाव सांगा, आडनाव सांगा, आजोबा-पणजोबांची नावं सांगा. मग बासन सोडलं जातं आणि वहीत तुमच्या पणजोबांची मोडीतली सही निघते. नावागावाची ओळख पटल्याशिवाय पान हाती लागत नाही. शिवाय मूळ घर पुरात गेलं, भाऊबंदकीत गेलं तरी कुळाची प्रत दुसऱ्या गावी शाबूत. आज कंपन्या पैसे घेऊन विकतात तो बॅकअप हाच. मोडी वाचणारे कमी झाल्याने तर त्या सहीला आपोआपच कुलूप बसलं आहे, अगदी वारसाविरुद्धसुद्धा.

फोनमध्ये याच्या जवळ जाणारी सोय हवी असेल, तर स्टँडर्ड नोट्स आहे. जॉप्लिन आहे, पण त्यात कूटबद्ध करण्याची सोय आपण होऊन चालू करावी लागते. आयफोनच्या नोंदवहीतही एकेका नोंदीला कुलूप घालता येतं. या कुलपाची किल्ली कंपनीकडे नसते, तुमच्याकडेच असते. म्हणजे पासवर्ड विसरलात की कस्टमर केअरला फोन करून रडण्यात अर्थ नाही. तो कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवावा. विमा कुठे, एफडी कुठे हे घरात कोणालाच कळू न देता माणूस गेला, तर मागच्यांचे जे हाल होतात ते मी दोन घरांत पाहिले आहेत. ती गुप्तता नव्हे, तो छळ.

आता प्रात्यक्षिकाचा अवघड भाग : मोबाइल दुरुस्ती. एमजी रोडला एका दुकानात मी डिस्प्ले बदलायला फोन दिला. मुलाने विचारलं, “काका, पॅटर्न?” मी सांगितला. त्याने चिठ्ठीवर नऊ टिंबं काढली, त्यांतून बाण काढत माझा पॅटर्न रेखाटला, खाली माझं नाव आणि नंबर लिहिला आणि चिकटपट्टीने ती चिठ्ठी फोनच्या पाठीवर लावली. काउंटरवर तसे अकरा फोन पालथे पडले होते. अकराही पॅटर्न मला उभ्या उभ्या वाचता येत होते. एकाचा तर माझ्यासारखाच, इंग्रजी एल. फोन द्यायच्या आधी खात्यातून बाहेर पडावं, पॅटर्न तात्पुरता बदलावा, आणि काम डिस्प्लेचंच असेल तर समोर बसून करून घ्यावं.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017ला एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकालाची प्रत झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचलेली नाही. तिथे आपण काय करतो? भिंतीवरचा नंबर सेव्ह करतो, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान त्यावर पाठवतो, दहा रुपये देतो आणि निघतो. सीबीएसजवळ परवा मी स्क्रीनकडे पाहत उभा होतो. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाचा सातबारा, कोणाच्या मुलीची पत्रिका, आणि एका गृहस्थाने नोंदवहीचा फोटो काढून पाठवलेला : सगळ्या बँकांचे पासवर्ड, सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित. मुलाने गडबडीत माझ्या आधारऐवजी तोच छापायला घेतला होता.

आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड द्यावं; त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. पैसे गेलेच, तर लाज न धरता ताबडतोब 1930ला फोन करावा. आणि झेरॉक्स हातात पडली की त्या मुलाला म्हणा, “बाळा, माझी फाइल उडव, रिसायकल बिनमधूनही.” तो “हो काका, करतो” म्हणेल. करेपर्यंत तिथून हलू नका.