झुंबरं दिसली, पालखेड कुठंय?

ऐतिहासिक चित्रपट सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांचं बोलणं ऐका. आरसेमहाल काय होता, शालू काय होता, नथ काय शोभत होती! पेशव्यांचं आणि निजामाचं नेमकं कशावरून बिनसलं, हे कुणी बोलत नाही. पडद्यावर ते कुणी सांगितलेलंच नसतं.

2015चा 'बाजीराव मस्तानी' घ्या. दिग्दर्शन, छायाचित्रण, कलादिग्दर्शन, नृत्य, सगळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. रूपांतरित पटकथेचा मात्र 'तलवार'ला गेला, आणि ते योग्यच झालं. ना. सं. इनामदारांची 'राऊ' कादंबरी हाताशी होती. 1728 साली बाजीरावांनी निजामाला तोफखान्यापासून लांब खेचत नेलं आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडलं. तह झाला आमच्या शेजारी, गोदाकाठच्या मुंगी-शेवगावला. तलवारीपेक्षा डोकं चाललेली मोहीम! चित्रपटात ती उलगडतच नाही. 'पिंगा' गाण्याला मात्र सवड मिळते.

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन लोकांना शनिमहाराजांमुळे ठाऊक. 10 ऑगस्ट 1763ला तिथं जे घडलं, त्याला झुंबर लागतच नाही. आदल्या वर्षी आळेगावला राघोबादादांनी सख्ख्या पुतण्याला, माधवराव पेशव्यांना नमवलं, पहाऱ्यात ठेवलं. पुढं निजामानं पुणं जाळलं. परतताना निजाम गोदावरीपलीकडं गेला, दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडं राहिला, आणि मधे पुरानं फुगलेली नदी. मराठे तुटून पडले. ऐन लढाईत राघोबादादाच वेढ्यात सापडले. माधवराव अवघे अठरा वर्षांचे. ज्या काकानं पहारे बसवले, त्याच्यासाठी त्यांनी घोडी घातली. काका सुटले, विठ्ठल सुंदर पडला.

घोडी घालण्याआधी तो पोरगा क्षणभर तरी थबकला असेल का? काका संपले तर गादीचा काटा निघतो, हे त्याला कळत नव्हतं थोडंच! सगळा चित्रपट या एका क्षणात आहे, आणि तो व्हीएफएक्सला सापडत नाही, लेखकालाच सापडतो. आपल्याकडं लेखकाचे पैसे वाचवून घोडे वाढवतात, मग दोन तास नुसती धूळ स्लो मोशनमध्ये उडते.

राक्षसभुवन कुणी करायला घेतलं, तर घोडे कमी असले तरी चालतील. लेखकाला वर्षभर द्या. वेढ्यातून सुटलेले राघोबादादा पुतण्याकडं कसे बघतात, तो प्रसंग आधी लिहून घ्या. ड्रोन नंतर उडवा.