अब्राहामाची भावकी

तुळजापुरात ख्रिस्ती माणसाची पंचाईत अशी, की त्याला कुठे बसवायचं हे गावाला चटकन उमगत नाही. गळ्यात कवड्यांची माळ नाही, घरात परडी नाही, नवरात्रात घट बसत नाहीत. म्हणजे हा आपल्यातला नाही, एवढं कळतं. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "म्हणजे तुमचं आणि मुसलमानांचं एकच की ओ?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं काही नसतं. जे देवीला नारळ फोडत नाहीत ते सगळे एकाच वाड्यात राहत असणार, असा त्याचा सरळ हिशेब. पूर्वी मी तावातावाने 'नाही' म्हणायचो. हल्ली म्हणतो, "वाडा एकच, वाटणीचा दावा चालू आहे."

दावा खराच भावकीतला आहे. मूळ पुरुष अब्राहाम, म्हणजे त्यांचा इब्राहीम. थोरला मुलगा इश्माएल हागारेचा, धाकटा इसहाक सारेचा. सारेच्या हट्टापायी हागारेला पोरासकट घराबाहेर काढलं, थोडी भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन. आमचं शास्त्र तिथून धाकट्या पातीबरोबर पुढे निघतं आणि हागारेकडे फारसं वळून बघत नाही. मुसलमान मात्र तिला विसरले नाहीत. तहानलेल्या लेकरासाठी पाणी शोधत ती सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावली, म्हणून हजला गेलेला माणूस आजही त्यांच्यामध्ये 7 फेऱ्या घालतो. घराबाहेर काढलेल्या बाईची एवढी आठवण आमच्या पातीला ठेवता आली नाही. मराठवाड्यात हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही. दोन बायकांची दोन घरं आणि सातबाऱ्यावरची भांडणं इथे कुणाला नवीन आहेत!

आमचं घराणं नगरकडचं. तिथे 1831 साली अमेरिकन मराठी मिशन आलं आणि आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. त्याच नगरहून दरवर्षी देवीचा पलंग तुळजापूरला येतो आणि सीमोल्लंघनानंतर ती त्यावर श्रमनिद्रा घेते, पौर्णिमेपर्यंत. तेव्हा 'तुम्ही इकडे कसे?' असं कुणी विचारलं की मी सांगतो, पलंगामागोमाग आलो. रविवारची उपासना सोलापूरला. बाकीचे सहा दिवस माझी धर्मचर्चा एका शिंपीचाचांच्या दुकानात चालते. पाळी नसेल त्या दिवशी देवीचे एक पुजारीही तिथे येऊन बसतात. काम चाचा करतात, बोलतो आम्ही.

पहिला धक्का मला मरियमेने दिला. आम्ही प्रॉटेस्टंट लोक येशूच्या आईला नाताळात बाहेर काढतो आणि नाताळ संपला की कागदी चांदणीबरोबर पेटीत घालतो. मला वाटलं होतं, मुसलमानाच्या घरी तिचं काय काम? चाचांनी विजारीच्या कापडावर खडूची रेघ ओढता ओढता सगळी कथा सांगितली. कुराणातली 19वी सूरा तिच्या नावाची. साऱ्या कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली ती एकटीच स्त्री. पुरुषाचा स्पर्श नसताना गर्भ राहिला, हे त्यांनाही मान्य. पण बाळंतपण गोठ्यात नाही. एकटी, खजुराच्या झाडाखाली. वेणा असह्य झाल्या तेव्हा आवाज आला, खोड हलव. ताजा खजूर पडला, पायाशी झरा वाहू लागला. बाळाला घेऊन ती परतली तर लोक बोलायला तयारच होते. तेव्हा ते तान्हं बाळ स्वतः बोललं आणि आईची बाजू मांडली.

मला ही कथा फार आवडली. गावाच्या तोंडाला लागलेल्या बाईच्या बाजूने आधी तिचं लेकरू उभं राहतं, यात माया आहे. तरी माझं मन अडलं ते त्या बोलण्यापाशीच. आमच्या लूकच्या शुभवर्तमानात बाळ काहीच बोलत नाही. बाळंत्यात गुंडाळलेलं गव्हाणीत पडून आहे. चमत्कार जो काही व्हायचा तो बाहेर मेंढपाळांना दिसतो. आत फक्त ओलं बाळंतं. देव इतका खाली उतरला की त्याला कुणीतरी कुशीवर वळवावं लागलं, ही आमची श्रद्धा. आणि चाचांच्या कानाला नेमकी हीच गोष्ट भयंकर लागते. अल्ला एवढा मोठा, त्याला लंगोट कसला नेसवता?

मग विषय त्रैक्यावर गेला. खरं तर जाऊ द्यायला नको होता. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तिन्ही मिळून एकच देव, हे मी शक्य तेवढ्या शुद्ध मराठीत मांडलं. चाचांनी कात्री खाली ठेवली. "मास्तर, तीन मोजले तुम्ही. मी मोजतच होतो." मी पुन्हा मांडलं. पुजारी तोवर शांत होते. त्यांना माझी दया आली असावी. "चाचा, सोपं आहे की! आमचा दत्त बघा. तोंडं तीन, देव एक. गाणगापूर काय लांब आहे?" चाचा खूश झाले, त्यांचा संशय खरा ठरला होता. आणि मी "तसं नाही हो, अगदी तसं नाही" एवढंच म्हणत राहिलो. मदतीला धावून आलेल्या माणसाने माझा दावा पार निकालात काढला.

माझ्या आधी या पेचात पडलेला मोठा माणूस म्हणजे फादर स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि येशूची कथा जवळजवळ 11,000 ओव्यांत सांगितली. 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापलं गेलं. त्याच सुमारास विजापुरात दुसरा इब्राहीम आदिलशहा राज्य करत होता. आमच्या तालुक्यातला नळदुर्गचा पाणीमहाल, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला, त्याच्याच काळचा. हा सुलतान 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वतीला वंदन करतो. एक ख्रिस्ती ओवीला लागलेला, एक मुसलमान सरस्वतीला. दोघांच्या घरचे कडवे लोक काय म्हणाले असतील, याची मला जास्त उत्सुकता आहे.

2025 साली रमजान 2 मार्चला लागला आणि आमचा लेंट, म्हणजे उपवासकाळ, 5 मार्चला. चाचा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हते. आमच्यात काय सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मी साखर सोडली होती आणि गूळ धरला होता. यावर तुलना वाढवण्यात मला रस नाही.

खरा वाद सुरीपाशी येतो. बकरी ईद त्या बापाच्या परीक्षेची आठवण आहे, ज्याने मुलाच्या मानेवर सुरी ठेवली आणि देवाने ती थांबवली. चाचांच्या मते मुलगा इस्माईल, माझ्या मते इसहाक. सातबारा इथेही आडवा येतोच. पुजाऱ्यांना यात नवल वाटलं नाही, कारण नवरात्रात इथेही होमावर अजाबळीचा विधी असतो. मग मी माझं सांगितलं. पुढे एका शुक्रवारी देवाने स्वतःच्या मुलाच्या बाबतीत हात आवरला नाही. आमचं कोकरू तेच, आणि त्यानंतर दुसरं लागत नाही.

चाचांचा आवाज पहिल्यांदा गंभीर झाला. "ईसाला आम्ही सुळावर चढू देत नाही, मास्तर. अल्लाने त्यांना वर उचललं. एवढ्या मोठ्या नबीची अशी बेइज्जती अल्ला होऊ देईल? मग त्यांची इज्जत जास्त कोण करतं, तुम्ही का आम्ही?" मी पुजाऱ्यांकडे पाहिलं. पण ज्या देवीचे ते सेवक, ती महिषासुराच्या उरावर पाय देऊन उभी. "चाचांचं बरोबर आहे," ते म्हणाले, "देव हरत नसतो."

दोघेही एका बाजूला गेले आणि मी एकटा पडलो. माझ्याकडे त्यावर पुरावा नाही. मला एवढंच म्हणता आलं, की माझ्या घरात मी पुष्कळ हरलेली माणसं पाहिली आहेत, आणि त्यांच्या शेजारी बसायला आलेला देव मला हवा आहे. त्यासाठी त्याला हरावं लागलं तर हरू दे. चाचा 'हं' म्हणाले. पटल्याचा 'हं' नव्हता तो, ऐकून घेतल्याचा होता.

पुजाऱ्यांनी मग सरळच विचारलं, "ते असू द्या. तुमच्या दोघांच्या हिशेबात मी कुठं जाणार? स्वर्गात का कुठं?"

चाचा टेपाची गुंडाळी करू लागले. मला चष्मा पुसायचं आठवलं. या एका मुद्द्यावर दोन्ही पातींचे कागद बऱ्यापैकी जुळतात, आणि ते वाचून दाखवायची दोघांचीही इच्छा नव्हती.

"कळलं," पुजारी म्हणाले, "दोन्हीकडं नापास."

"मग आजचा चहा तुमच्याकडं," चाचा म्हणाले.